पालक की जामीनदार?

गेल्या गणेशोत्सवात येथील आपल्या मंडळात 'महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालक' या विषयावर एक परिसंवाद झाला. अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राचार्य होते. समारोप करताना ते म्हणाले, "मुलगा महाविद्यालयाची पायरी चढला की पालकांनी फाटकाबाहेर थांबावे. आतले आम्ही पाहून घेऊ." वाक्य सुटसुटीत होते, उच्चार ठसठशीत होता, आणि पुढे आरती व प्रसाद असल्यामुळे श्रोतेही अनुकूल होते. टाळ्या पडल्या. त्या वाजवणारांत मीही होतो, हे येथे प्रारंभीच कबूल करतो. घरी परतताना मात्र त्या टाळ्यांची मला लाज वाटू लागली. 'आतले' खरोखरच कोणी पाहिले असते, तर हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

प्रस्तुत लेखक शिक्षणतज्ज्ञ नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. पदवीनंतर परीक्षा देऊन नोकरीत शिरलो, दिल्लीस आलो आणि येथेच राहिलो. माझ्या नोकरीची पहिली चार वर्षे आवक-जावक विभागात गेली. त्या चार वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकलो. पत्राला जावक क्रमांक पडला म्हणजे पत्र गेले, एवढेच सिद्ध होते. ते पोहोचले असे त्यावरून ठरत नाही, आणि ज्याला कळायला हवे त्याला ते कळले असे तर मुळीच ठरत नाही. आमच्या कार्यालयातला अगदी नवखा लिपिकही हा भेद जाणतो. आपल्या महाविद्यालयांना तो कळत नाही, अथवा कळून घ्यायचा नाही, अशी माझी तक्रार आहे.

वैयक्तिक हकीकत सांगितल्याबद्दल वाचक क्षमा करतील. माझे वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ आठवीत होता. त्याच्या-माझ्यात पंधरा वर्षांचे अंतर. आई गावी घर धरून राहिली. धाकट्याच्या शिक्षणाचा भार ओघानेच माझ्याकडे आला. त्यात उपकार कसला? आपल्याकडे थोरल्या भावाला हे कोणी सांगावेही लागत नाही. बारावीनंतर खानदेशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. चार दिवसांची रजा काढून मी भुसावळला उतरलो आणि तेथून एस. टी.ने पुढे गेलो. प्रवेशाच्या दिवशी माझ्याकडून सात सह्या घेण्यात आल्या. शुल्क वेळेवर भरण्याची हमी, शिस्तपालनाची हमी, वसतिगृहातील मोडतोडीची भरपाई, खानावळीची अनामत, रॅगिंगविरोधी हमीपत्र, आणि आणखी दोन कागद ज्यांवर काय लिहिले होते ते वाचायला मागच्या रांगेने मला सवड दिली नाही. प्रत्येक कागदावर माझ्या सहीखाली एकच शब्द छापलेला होता: 'पालक'.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात धाकटा वर्गात जाईनासा झाला. आधी दोन विषय राहिले. त्याची लाज वाटू लागली. लाजेने तास चुकवले. चुकलेल्या तासांनी लाज वाढवली. पुढे पुढे सकाळी उठणेच त्याला अशक्य होऊ लागले. दुपारी उठून तो नगरवाचनालयात जाई आणि संध्याकाळपर्यंत तीच ती वर्तमानपत्रे समोर धरून बसे. रविवारी मी दूरध्वनी केला की म्हणे, "दादा, ठीक चाललंय." शेकडो कोसांवरून आवाजातला फरक मला ओळखता आला नाही, हा माझा दोष मी कोणावर ढकलू इच्छित नाही. पण माझ्यापेक्षा जवळ असलेली चार माणसे होती. अध्यापकांना रिकामे बाक दिसत होते. हजेरी चढवणाऱ्या लिपिकाला गैरहजेरी दिसत होती. अधीक्षकांना बंद खोली दिसत होती. खानावळवाल्याला दिसत होते की हा मुलगा दिवसाकाठी एकदाच जेवतो. चौघांना दिसत होते आणि चौघांपैकी एकाच्याही तोंडून एक शब्द आमच्यापर्यंत आला नाही.

नाही म्हणायला एक पत्र आले. सप्टेंबरात गावच्या पत्त्यावर, इंग्रजीत, आणि माझ्या दिवंगत वडिलांच्या नावे. प्रवेशाच्या अर्जात त्यांच्या नावाआधी मी स्वहस्ते 'कै.' लिहिले होते. महाविद्यालयाच्या संगणकाने ते गाळले. आईने पाकिटावर त्यांचे नाव पाहिले. निवृत्तिवेतनाचा काही कागद असेल, थोरला आला की वाचील, असे समजून तिने ते देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे जपून ठेवले. दिवाळीला मी गेलो. नरकचतुर्दशीच्या सकाळी, अभ्यंगस्नान झाल्यावर, तिने ते माझ्या हाती दिले. उपस्थिती अपुरी असल्याने पालकांनी सात दिवसांत समक्ष भेटावे, न भेटल्यास नियमानुसार कारवाई होईल, असा मजकूर होता. सात दिवस कधीच उलटून गेले होते.

सुटी संपताच महाविद्यालयात गेलो. कचेरीतल्या गृहस्थांनी सौजन्याने नोंदवही काढली. "पत्र गेलेले आहे, हा पाहा जावक क्रमांक." मग त्यांनी विचारले, "आपण कोण?" म्हटले, "थोरला भाऊ." "म्हणजे पालक नव्हे." विभागप्रमुखांकडे गेलो, तर त्यांनी वेगळाच धडा दिला. "मुलगा सज्ञान आहे. त्याच्याविषयी आम्ही तिऱ्हाइताशी बोलू शकत नाही." मी उठणार तोच त्यांच्या मेजावरच्या थकबाकीच्या यादीकडे माझे लक्ष गेले. धाकट्याच्या नावापुढे माझे नाव होते, आणि नावापुढे माझा भ्रमणध्वनी क्रमांक. त्याच क्रमांकावर जून, जुलै आणि ऑगस्ट अशी तीन महिने शुल्काची स्मरणपत्रे येत होती. ती मराठीत होती आणि वेळेवर येत होती, हे मला तेव्हा आठवले.

धाकट्याचे वर्ष गेले. मुलगा मात्र हाताशी राहिला. औषधोपचार झाले, आई काही महिने त्याच्याजवळ खोली घेऊन राहिली, आणि आता तो पुन्हा वर्गात जाऊ लागला आहे. सगळ्याच घरांचे दैव एवढे बलवत्तर नसते. म्हणूनच ही हकीकत मी घरातच ठेवली नाही.

हा एका महाविद्यालयाचा गलथानपणा असता, तर मी एक अर्ज लिहून गप्प बसलो असतो. पण मंडळातल्या पंधरा-वीस कुटुंबांशी बोलल्यावर माझी खात्री झाली की यामागे एक ठाम दृष्टी आहे. त्या दृष्टीने पैसे मागायचे असतात तेव्हा विद्यार्थी अज्ञान बालक असतो आणि त्याला पालक असतो. माहिती द्यायची वेळ येते तेव्हा तोच विद्यार्थी सज्ञान नागरिक होतो आणि त्याचा पालक तिऱ्हाईत ठरतो. असा संबंध ज्या माणसाशी ठेवला जातो त्याला व्यवहारात जामीनदार म्हणतात. ऋणको कोठे आहे, काय करतो, जेवतो की उपाशी राहतो, हे जामीनदाराला कोणी कळवत नाही. हप्ता चुकला म्हणजे मात्र पहिली नोटीस त्याच्याच दारावर लागते.

कायद्याचे काय म्हणणे आहे ते पाहू. १८७५ च्या कायद्याने आपल्याकडे अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. १९८८ साली संमत झालेल्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताचे वयही एकवीसवरून अठरावर आणले. तेव्हा महाविद्यालयीन मुलगा स्वतःचा मुखत्यार आहे, हे विभागप्रमुखांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. पण मग त्याच कायद्याने त्याच्या वर्तनाची हमी माझ्याकडून का घ्यावी? विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ साली आले. एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूने देश हादरला होता, आणि त्या विनियमांची गरज मी नाकारत नाही. त्यांत पालकासंबंधी तीन तरतुदी आहेत, त्या मी मुद्दाम शोधून वाचल्या. पहिली, विद्यार्थ्याबरोबर पालकानेही प्रतिज्ञापत्र द्यावे. दुसरी, पहिले वर्ष संपताना संस्थाप्रमुखाने प्रत्येक पालकाला पत्र लिहून हे नियम समजावून द्यावेत आणि पुढील वर्षी आपल्या पाल्याने कोणाला छळू नये म्हणून त्याला चार शब्द सांगावेत अशी विनंती करावी. तिसरी, महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीत पालकांचे प्रतिनिधी असावेत. यांपैकी पहिल्या तरतुदीचे पालन इतके कसोशीने होते की प्रतिज्ञापत्रावाचून प्रवेश पुढे सरकत नाही. दुसऱ्या तरतुदीतले पत्र मिळालेला एकही पालक मला भेटलेला नाही. तिसरीविषयी विचारले तर लोक माझ्याकडे आश्चर्याने पाहतात. ज्या तरतुदीने पालक बांधला जातो ती जिवंत आहे. ज्यांनी तो जोडला जाईल त्या दोन कागदावर निजल्या आहेत.

शाळेची गोष्ट पाहा. २००९ च्याच शिक्षणहक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांसाठी व्यवस्थापन समिती सांगितली, आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील अथवा पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कलम २१ मध्ये घातले. म्हणजे धाकटा चौथीत असता तर माझी आई त्याच्या शाळेच्या कारभारात मत देऊ शकली असती. आता महाराष्ट्राचा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा उघडा. त्याच्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती आहे. तीत संस्थाचालक आहेत, प्राचार्य आहेत, अध्यापक आहेत, शिक्षकेतर कर्मचारी आहे, शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील स्थानिक मंडळी आहेत, माजी विद्यार्थी आहे, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही आहेत. पालक म्हणून एकही जागा नाही. तीन चतुर्थांशांवरून एकदम शून्यावर! मधल्या काळात मुलगा मोठा होतो हे खरे. पण आई नाहीशी होते काय?

माझी स्वतःची मुलगी तिसरीत आहे. तिच्या शाळेकडून रोज दोन-तीन निरोप येतात. नखे कापा, डब्यात तळलेले देऊ नका, उद्या पिवळा पोशाख. या निरोपांनी मी कधी कधी त्रासून जातो. पण मुलगी दोन दिवस गेली नाही तर तिसऱ्या दिवशी बाईंचा दूरध्वनी येतो. नखांची एवढी काळजी वाहणारा समाज वीस वर्षांच्या मुलाच्या तीन महिन्यांच्या गैरहजेरीला एका सामान्य टपालपत्राच्या योग्यतेची मानतो, यातली विसंगती कोणाच्या डोळ्यांत खुपू नये, हे नवल आहे.

"आम्ही पालक मेळावे घेतो," असे उत्तर महाविद्यालये देतात. घेतात, यात शंका नाही. नॅकच्या वार्षिक अहवालाच्या काही वर्षांपूर्वीच्या नमुन्यात पालक-शिक्षक संघाचे निदान तीन उपक्रम नमूद करावेत असा रकाना होता. रकाना असला की तो भरावा लागतो, हे माझ्यासारख्याला कोणी समजावून सांगायला नको. अशा एका मेळाव्यास मी गेलो आहे. सरस्वतीच्या प्रतिमेस हार घातला गेला, दीपप्रज्वलन झाले, नव्या इमारतीची माहिती झाली, कोणत्या कंपनीने किती मुले घेतली ते सांगण्यात आले. मग चहा, मग नोंदवहीत सही, मग छायाचित्र. माझ्या शेजारी एक शेतकरी गृहस्थ बसले होते. त्यांनी चहाच्या वेळी एका अध्यापकांना विचारले, "आमचा पोरगा कसा आहे?" अध्यापकांनी विचारले, "कोणता?" एवढ्यावर तो संवाद संपला. सबंध मेळाव्यात विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढा एकच होता.

भाषेचा मुद्दाही येथेच मांडतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दूरच्या प्रांतांत राहणाऱ्या आपणा सर्वांना त्याचा अभिमान वाटला आणि मंडळात पेढेही वाटले गेले. पण महाराष्ट्राच्या भूमीवरचे महाविद्यालय महाराष्ट्रातल्या एका मराठी मातेला तिच्या मुलाविषयी लिहिताना इंग्रजी वापरते. माझी आई जुनी सातवी आहे. पोथी वाचते, पंचांग पाहते, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचते. ते पत्र चार ओळींच्या साध्या मराठीत असते तर त्याच दिवशी तिने शेजारच्या मुलाला मोटारसायकल काढायला लावली असती. तिला अडाणी ठरवले ते त्या पत्राने.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. त्यातले सर्वांत सबळ असे: पालकांना सर्व कळवणे म्हणजे मुलांवर पहारा बसवणे. विशेषतः मुलींवर. परजातीतल्या मुलाबरोबर चहा घेताना दिसली एवढ्या बातमीवर मुलीचे शिक्षण थांबवून तिचे लग्न उरकणारी घरे आपल्यात आहेत. अशा घराला महाविद्यालयाने बातमीदार पुरवावा काय? हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि जी महाविद्यालये मुलगा फाटकातून आत केव्हा आला नि बाहेर केव्हा गेला याचा निरोप दररोज बापाच्या खिशात पाठवतात त्यांचेही समर्थन मी करीत नाही. धाकट्याची एकेक हालचाल मला कळली असती, तर कदाचित मीही त्याला समजून घेण्याऐवजी नुसता रागावलो असतो. पाळत आणि पालन या दोन गोष्टी एका धातूच्या वाटल्या तरी एका कुळीच्या नाहीत.

परंतु या आक्षेपातून मौनाचे समर्थन निघत नाही. बोलण्याची मर्यादा आखावी, एवढेच त्यातून निघते. अमेरिकेसारखा व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी देश घ्या. तेथे १९७४ च्या कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क आईबापांकडून काढून विद्यार्थ्याकडे दिला. पण त्याच कायद्यात वाटाही ठेवल्या: विद्यार्थ्याने संमती दिली तर सांगावे; तो करासाठी आईबापांवर अवलंबून असेल तर सांगता येते; त्याच्या प्रकृतीला वा जिवाला धोका असेल तर सांगता येते. आपल्याकडे हक्कही कोणी नीट समजावून देत नाही आणि वाटाही कोणी आखत नाही. कचेरीतल्या गृहस्थांच्या सोयीने मुलगा कधी सज्ञान असतो, कधी नसतो.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. अध्यापकांची पदे रिकामी आहेत. तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक एका दिवसात दोन महाविद्यालये करतो. त्याने कोणाच्या आईला दूरध्वनी करावा? हे दुखणे खरे आहे आणि त्याचा जाब शासनाला विचारला पाहिजे. पण शुल्काच्या स्मरणपत्राला अध्यापक लागत नाही; ते यंत्र पाठवते. जे यंत्र एक दिवसाची थकबाकी ओळखते त्याला तीन आठवड्यांची गैरहजेरी ओळखायला शिकवणे कठीण नाही. ते अद्याप कोणी शिकवलेले नाही, कारण गैरहजेरीत संस्थेचे काही बुडत नाही.

तिसरा आक्षेप भावनिक आहे: "पूर्वी कोण कोणाला कळवत होते? आम्ही नाही का शिकलो?" वडीलधाऱ्यांचा हा आवडता युक्तिवाद. पूर्वी गावातून पुण्याला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सात वार, सात घरे. मंगळवारी मुलगा आला नाही तर बुधवारच्या घरी विचारणा होई. त्या व्यवस्थेत मिंधेपण होते, जातीच्या भिंती होत्या, कित्येकांना तर तिने उंबऱ्याशीच अडवले; तिचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या भिंती मोडण्यासाठीच भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह उभे केले. त्या वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले, हे आपण शाळेत वाचले आहे. तेथे पालकाला पत्र धाडण्याची निकड कमी होती, कारण पालकाचे काम करणारे माणूस चुलीजवळ बसलेले होते. 'पूर्वी कोणी कळवत नव्हते' हे अर्धे सत्य आहे. पूर्वी कोणीतरी पाहत होते, हे उरलेले अर्धे.

न्यायालयांना हे कळू लागले आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैत दिलेल्या दुसऱ्या एका निर्णयात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा आणि पालकांसाठीही नियमित प्रबोधन करावे, असे सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी विधी महाविद्यालयांपुरता निर्णय देताना म्हटले की केवळ उपस्थितीच्या अभावी विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, आणि उपस्थिती कमी पडत असल्यास पालकांना महिन्याच्या महिन्याला कळवावे. हे शहाणपण न्यायालयांना सुचावे लागले, ते महाविद्यालयांना आपण होऊन सुचले नाही, याचे वाईट वाटते. आणि आपल्याकडची रीत पाहता, या आदेशांचेही उद्या रकाने होतील, अशी धास्ती वाटते.

येथवर महाविद्यालयांना बोललो. आता थोडे आपणा स्वतःला, म्हणजे या मासिकाच्या वाचकांना. बदलीच्या नोकरीत आपण मुलांना कोठे कोठे ठेवून येतो! बारावीनंतर एक मुलगी पुण्याला, एक मुलगा मणिपालला, आपण गुवाहाटीस. मी सध्या ज्या विभागात आहे तेथे शिक्षणभत्त्याची बिले येतात. हा भत्ता दोन मुलांपुरता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा २८१२ रुपये ५० पैसे झाला. आणि तो साधारणपणे बारावीपर्यंतच असतो. त्यासाठी दर वर्षी संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र लागते. मी पाहिले आहे की जोवर बिल सादर करायचे असते तोवर आमचे साहेब प्रमाणपत्रासाठी का होईना मुलाच्या शाळेत जातात, बाईंशी दोन शब्द बोलतात. बारावी संपते, भत्ता संपतो, जाणे संपते. सरकारने भत्ता बंद केला म्हणून आपणही पालकत्व बंद केले काय? प्रवेशाच्या दिवशी मी सात सह्या केल्या, पण एकाही अध्यापकाचे नाव विचारले नाही. वसतिगृहाच्या अर्जात 'स्थानिक पालक' म्हणून ज्या दूरच्या मामांचे नाव दिले, त्यांना मी नाव दिल्याचे कळवलेही नव्हते! जामीनदार बनवणारा दोषी आहे. पण न वाचता सही करणाराही निर्दोष नाही.

तेव्हा करावे काय? माझ्या मागण्या लिपिकाला शोभतील अशा लहान आहेत. पहिली, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने स्वतः, स्वतःच्या हाताने, एका माणसाचे नाव लिहावे: माझ्याविषयी काही गंभीर असेल तर यांना सांगा. ते आईवडील असतील, थोरला भाऊ असेल, मावशी असेल, जुने शिक्षक असतील. ज्या मुलीला घराचे भय आहे ती घराबाहेरचे नाव लिहील. दुसरी, कळवण्याचे प्रसंग तीनच असावेत आणि ते आधी सांगितलेले असावेत: प्रकृतीचा वा जिवाचा धोका, लागोपाठ तीन आठवड्यांची गैरहजेरी, आणि वर्ष जाण्याची शक्यता. यापलीकडे मुलाचे आयुष्य मुलाचे. तिसरी, कळवणे त्या माणसाच्या भाषेत आणि बोलून व्हावे. उत्तर आले की नाही याची नोंद व्हावी, जावक क्रमांकाची नव्हे. चौथी, कळवण्याआधी विद्यार्थ्याला बोलावून 'आम्ही घरी सांगत आहोत' असे त्याला सांगावे, म्हणजे ती चहाडी होणार नाही. पाचवी, महाविद्यालय विकास समितीत दोन पालकांना जागा मिळावी, आणि त्यांपैकी एक तरी आई असावी.

सहावी मागणी महाविद्यालयांकडे नाही. आपल्या मंडळांकडे आहे. प्रत्येक मोठ्या शहरातल्या मराठी मंडळाने एक वही ठेवावी. त्या शहरात शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींची नावे तीत असावीत, आणि प्रत्येक नावापुढे महिन्यातून एकदा त्यांना जेवायला बोलावणाऱ्या एका घराचे नाव. गणेशोत्सवात आपण दहा दिवस नाटके बसवतो. एक वही ठेवणे त्याहून अवघड नाही. त्या वहीने कोणाचे पुनरुत्थान होणार नाही. पण एखादा मुलगा दोन महिने जेवायला आला नाही, हे निदान एका घराला कळेल.

ते इंग्रजी पत्र अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर हळदीकुंकवाचा डाग आहे, कारण पाच आठवडे ते देवांच्या सोबतीने राहिले. त्यातील मजकूर मी आईला मराठीत सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पत्र आलं होतं रे. पण बोलावणं कुणी केलं नाही."

प्राचार्यमहाशयांना माझे नम्र निवेदन आहे की आम्ही फाटकाबाहेर थांबायला तयार आहोत. आत डोकावण्याची आम्हाला हौस नाही. पण जो आतले पाहून घेण्याची जबाबदारी घेतो त्याने ते पाहिलेही पाहिजे, आणि एकट्याला झेपेनासे झाले की बाहेर येऊन हाक मारली पाहिजे. ते जमणार नसेल तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी सहीखालचा 'पालक' हा शब्द खोडावा आणि तेथे 'जामीनदार' असे छापावे. निदान सही करणाराला आपण कशावर सही करीत आहोत हे तरी कळेल.